फुटाण्यांची बरणी

डोकेदुखीची गोळी मागायला आलेल्या माणसाला दौलतजी पहिला प्रश्न विचारीत तो असा : "जेवले काय?"

नवखा माणूस गोंधळून जाई. महालातून गांधीबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे औषधांचे दुकान होते. तेथे जेवणाची चौकशी होईल अशी कोणाची अपेक्षा नसे. गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीवरचे मुनीमजी एकदा चांगलेच भडकले. उन्हातून चालत आले होते, एका हाताने कपाळ दाबून धरले होते.

"अरे भाऊ, सिर फुटून राहिलं माझं. गोळी मागतली मी, पंगतीत पान नाई मागतलं."

दौलतजींनी काउंटरखालून काचेची बरणी काढली आणि मूठभर फुटाणे कागदावर ओतले. "हेच पान समजा, मुनीमजी. हे खा, वरून पानी प्या, मग गोळी. गोळी कुठं पळून नाई चालली."

मुनीमजींनी रागारागाने फुटाणे चावले. पुढे त्यांचे डोके दुखत नसले, तरी जाता येता ते बरणीत हात घालू लागले. दौलतजी त्यांना अडवीत नसत. एवढेच म्हणत, "आज गोळी नाई ना? मग खा बिनधास्त."

मला ती बरणी पसंत नव्हती. औषधांच्या दुकानात औषधे असावीत, असे माझे मत होते आणि ते मी बोलून दाखवले होते. दुकान मालकांचे होते, पण परवाना माझ्या पदविकेवर निघालेला होता. भिंतीवरच्या चौकटीत माझे नाव होते. दौलतजींचे नाव कोठेच नव्हते. ते कंपाउंडर, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मिश्रणाच्या बाटल्या भरता भरता शिकलेले. तरीही गिऱ्हाईक आत आले की त्या चौकटीकडे पाहत नसे. ते दौलतजींकडे पाही.

त्यांच्यात पाहण्यासारखे विशेष काही नव्हते. बेताची उंची, पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर काळी टोपी. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली. तो खांदा मागावर उतरलेला होता. दौलतजी कोष्ट्याच्या घरचे. वयाच्या विशीपर्यंत त्यांनी लुगडी विणली होती. माग सुटला, पण हातांना त्याचा विसर पडला नव्हता. गोळ्यांची पुडी बांधताना ते दोऱ्याला जी गाठ मारीत ती तुटलेले सूत जोडण्याची गाठ होती. ती एका हाताने, न बघता बसे, आणि घरी गेल्यावर सुटता सुटत नसे. बायका तक्रार करीत. दौलतजी म्हणत, "बरं हाय. सुटेपर्यंत इचार करा, गोळी खरंच पाहिजे का म्हणून."

ही बरणी, हे प्रश्न, पहिल्यापासून नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस मी दुकानात आलो तेव्हा दौलतजी इतर दुकानदारांसारखेच होते. मागितली की गोळी देत. बरणी कशी आली ते सांगतो. त्यात माझाही वाटा आहे.

दौलतजींची थोरली बहीण यमुनाअक्का. त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. आईवडील लवकर गेल्यावर दौलतजींना त्यांनीच वाढवले. स्वतः विधवा झाल्यावरही माग सोडला नाही. एकट्या राहत, एकट्या विणत. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दिवसाचे दहा-बारा तास बसायचे; कंबर आणि पाठ धरणारच. अक्का अधूनमधून दुकानात येत, पायरीवर टेकत आणि अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेऊन जात.

एकदा मी त्यांना म्हणालो, "दोन गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवा."

अक्का हसल्या. "चार तास म्हंजे किती गा साहेब? माह्या घरात घड्याळ कुठं हाय?"

उत्तर दौलतजींकडे होते. त्यांनी विचारले, "अक्का, मागावर काय लावलं हाय सध्या?"

"काठाचं लुगडं."

"चार तासात किती होते?"

"तीन हात होते. लई झालं तर."

"मग झालं तर. एक गोळी घेतली का तीन हात विनायचं. तीन हात झाल्याशिवाय दुसरी नाई."

अक्कांच्या चेहऱ्यावरून माप पटल्याचे दिसले. तास त्यांना परका होता. हात त्यांचा होता. कोपरापासून बोटापर्यंतचे ते अंतर त्या जन्मभर मोजत आल्या होत्या. दिवसात तीनपेक्षा जास्त नकोत, हे सांगायचे दौलतजी विसरले. मला ते आठवले होते. पण इतक्या नेमक्या मापानंतर ते सांगण्याची गरज मला वाटली नाही. उलट अक्का गेल्यावर मी दौलतजींना शाबासकी दिली. मी सहसा कोणाला शाबासकी देत नाही. ती दिली याचे मला आजही वाईट वाटते.

चार-पाच महिन्यांनी, थंडीत, अक्का दुकानात आल्या. पायरी चढल्या आणि काउंटरला धरून उभ्या राहिल्या. नेहमीसारख्या टेकल्या नाहीत. टेकल्या तर उठता येणार नाही अशी त्यांना भीती होती, हे त्यांनी नंतर सांगितले.

"गोळ्या दे गा दौलत. त्या किराण्याच्या दुकानातल्या संपल्या."

दौलतजींनी मान वर केली. "किराण्याच्या काहून? माह्या पुरत नाई काय?"

"तुले सारखं सारखं काय मागू."

दौलतजी काउंटरच्या बाहेर आले. त्यांनी अक्कांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. मीही पाहिले. आत लाली नव्हती. धुतलेल्या कापडासारखे पांढरे होते.

"अक्का, परसाकडे काळं होऊन राहिलं काय? डांबरासारखं?"

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. अक्कांनी पदर तोंडाशी नेला. "चार मानसात काय इचारून राहिला गा? लाज नाई वाटत?"

"होते का नाई ते सांग."

"होते. पंधरा दिवस झाले. बेसन जास्ती झालं असन."

"गोळ्या किती घेतं रोज?"

"तू सांगतल्या तितक्याच. तीन हाताले एक. एकही जास्ती नाई घेतली, तुह्या गळ्याची शपथ."

"दिवसाले किती हात होऊन राहिलं?"

"वीस होते. कधी बावीस."

दौलतजी म्हणाले, "नऊ होत होते ना, अक्का?" आवाज खाली गेला होता.

"थे काठाचं होतं. आता काठ कुठं? व्यापाऱ्यानं साधं कापड लावाले सांगतलं दिवाळीपासून. साधं भराभरा चालते."

वीस हात म्हणजे सात गोळ्या होत होत्या. दिवाळीपासून, रोज. आणि पहिली गोळी पहाटे, कोऱ्या चहाबरोबर. कारण मागाला नमस्कार करून एक हात विणून झाल्याशिवाय तोंडात अन्न घालायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. त्यात अक्कांनी कधी खंड पडू दिला नव्हता. त्यांनी प्रत्येक गोष्ट सांगितल्याप्रमाणे केली होती.

मागावर साधे कापड लागलेले दौलतजींनी पाहिले होते. ते दर रविवारी बहिणीकडे जात. इतके रविवार त्यांनी ते कापड पाहिले, हातात घेऊन चाचपलेही होते. जन्माने कोष्टी असलेला माणूस. कोणते कापड किती वेगाने उतरते हे त्यांना माझ्या शंभर पुस्तकांपेक्षा अधिक ठाऊक होते. पण ते ज्ञान एका खणात होते आणि गोळीचे ज्ञान दुसऱ्या खणात. मधला दरवाजा त्या दिवशी, त्या काउंटरशी उघडला.

मी सायकलरिक्षा थांबवली. दौलतजींनी बहिणीला उचलून आत बसवले. अक्का म्हणत होत्या, "अरे, अर्धं ठान तसंच राहिलं हाय मागावर." मी मालकांना विचारल्याशिवाय दुकान बंद केले आणि दुसऱ्या रिक्षाने मागोमाग गेलो.

सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोट दाबून पाहिले, प्रश्न विचारले, आणि मग विचारले, "इतक्या गोळ्या घ्यायला कोणी सांगितले होते?"

अक्कांनी ताबडतोब उत्तर दिले. "कोनी नाई. माह्या मनानंच घेतल्या."

"मी सांगतल्या," दौलतजी म्हणाले.

"खोटं बोलून राहिला हा, डॉक्टर. याले काय समजते? हा तं दुकानात पुड्या बांधते."

"मी सांगतल्या," दौलतजींनी पुन्हा सांगितले. "माप मीच देल्लं होतं."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि कागदावर काहीच लिहिले नाही. तिसरे नाव मी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही.

पोटात जखम होऊन रक्त वाहत होते. अक्कांना रक्त द्यावे लागणार होते. दौलतजींचे जुळले. बाटली भरून होईपर्यंत ते छताकडे पाहत पडून होते. उठल्यावर त्यांना चक्कर आली, तेव्हा एका परिचारिकेने विचारले, "सकाळपासून काही खाल्लंय का?" त्यांनी खाल्ले नव्हते. तिने कोणाच्या तरी डब्यातले मूठभर फुटाणे त्यांच्या हातावर ठेवले. बरणीची कल्पना त्यांना तेथे सुचली की नाही, मी विचारले नाही. पण अक्का घरी आल्या त्याच आठवड्यात काउंटरखाली ती बरणी आली.

आठ दिवस अक्का जातील की राहतील याचा भरवसा नव्हता. राहिल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले की त्या जातीची गोळी यांना पुन्हा द्यायची नाही. भरल्या पोटीही नाही आणि वेगळ्या नावाने तर मुळीच नाही. फारच दुखले तर दुसऱ्या जातीची, तीही मोजून.

गोळी गेली. दुखणे होते तेथेच राहिले. मागही होता, आणि त्यावर कापडाचे अर्धे ठाण होते.

पुढे काय झाले ते मला बऱ्याच उशिरा कळले. दौलतजी सकाळी दुकानात येत तेव्हा त्यांच्या टोपीच्या कडेला, भुवयांवर, बारीक सूत चिकटलेले असे. मी एकदा दाखवले. त्यांनी झटकले. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी मी सरळच विचारले.

"सकाळचे दोन-तीन तास बसतो मागावर," ते म्हणाले. "अक्काची पाठ तितकी सुटते."

"तुम्हाला माग सोडून वीस वर्षे झाली असतील."

"खड्डा तोच हाय साहेब. पाय आपोआप जातात."

पहाटे ते अक्कांच्या घरी पोचत, मागाला नमस्कार करीत आणि त्या दिवसाचा पहिला हात स्वतः विणीत. घरात पहिला हात विणला गेला, की रीत पाळली गेली. मग अक्कांनी उठायचे, भाकर खायची, आणि सावकाश मागावर यायचे. बहिणीची रीत मोडायला त्यांनी सांगितले नाही. ती पाळण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. गोळी जे करीत असे ते आता ते करीत होते. त्यात सहा-सात वर्षे गेली आणि त्यांचा उजवा खांदा आणखी एक बोट खाली आला.

त्यानंतर दौलतजींनी मापे बदलली. मागाचे माप पुन्हा कधी कोणाला दिले नाही. घड्याळ नसलेल्या घरांसाठी त्यांनी गिरणीचा भोंगा धरला. पाळी बदलताना भोंगा वाजे : सकाळी, दुपारी, रात्री. अर्ध्या शहराला ऐकू जाई. "भोंगा झाला का दोन घास खायचे, मग एक गोळी. दिवसात तीन भोंगे, म्हनून तीनच गोळ्या. भोंगा कोनी जोरात विनला म्हनून लवकर नाई वाजत." शेवटचे वाक्य ते कोणासाठी म्हणत हे गिऱ्हाइकांना कळत नसे.

एकदा गिरणीत संप झाला. दुपार टळत आली तरी भोंगा वाजला नाही. चारच्या सुमारास एक म्हातारी गुडघे धरत दुकानात आली आणि रागावून म्हणाली, "दौलतजी, आज दुखू द्यायचं ठरवलं काय तुमच्या गिरनीनं?" दौलतजींनी कपाळावर हात मारला. तसे सांगितलेली पाच-सहा घरे होती. ते टोपी घालून उठले आणि चालत प्रत्येक दारात जाऊन सांगून आले की भोंगा झाला असे समजा. परत आले तेव्हा घामाने भिजले होते. मी म्हणालो, "संप महिनाभर चालला तर?" ते म्हणाले, "तर महिनाभर फिरू." संप तीन दिवसांत मिटला. ते तीनही दिवस फिरले.

मुलांच्या बाबतीत ते फार कडक. शेजारच्या गल्लीतली एक बाई वर्ष-सव्वा वर्षाचे तापलेले मूल कडेवर घेऊन आली. म्हणाली, "मोठ्या मानसाची गोळी अर्धी करून द्या. हे पोरगं अर्धंच तं हाय."

"पोरगं म्हंजे अर्धा मानूस नसते, माय. पोरगं येगळंच असते. वजन किती हाय याचं?"

"आता वजन कोन करते पोराचं?"

आमच्या शेजारी सुक्या मिरचीची घाऊक पेढी होती. भिवापूरची मिरची आली की आमच्या दुकानातही डोळे चुरचुरत. त्यांचा मोठा तराजू दाराशी टांगलेला असे. दौलतजींनी मूल घेतले आणि सरळ तिकडे गेले. बाई मागोमाग, मी दारात. त्यांनी पारड्यात स्वतःचा पंचा अंथरला, मूल बसवले. शेठजी गादीवरून ओरडले, "दौलतजी, मिरचीच्या भावानं लावू का याले?"

"लावा. पन आधी वजन सांगा."

शेठजींनी वजने चढवली. इतक्यात मूल शिंकले. त्याने पारडे हलले, कोठलीशी मिरचीची धूळ उडाली, आणि मग आई शिंकली, शेठजी शिंकले, हमाल शिंकले, मी रस्त्यावर उभा असूनही शिंकलो. "नऊ किलो," शेठजी डोळे पुशीत म्हणाले, "अन् एक शिंक."

दौलतजी माझ्याकडे आले. "नऊ किलो. किती द्यायचं ते तुम्ही सांगा, साहेब."

अशा वेळी ते नेहमी मला विचारीत. त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. मी आकडा काढला की ते मान हलवीत, कारण तोच आकडा त्यांनीही काढलेला असे. पण तो माझ्या तोंडून यावा असा त्यांचा आग्रह होता. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले, "दोघांनी पाह्यलं तर बरं असते. एकट्याले आपलंच खरं वाटते." त्या दोघांतला दुसरा अक्कांच्या वेळी गप्प बसला होता, हे ते कधीच बोलले नाहीत. मी मात्र त्यानंतर गप्प बसलो नाही.

मुलाला लहान मुलांचे पातळ औषध दिले. बाटलीबरोबरच्या मापावर त्यांनी तांबड्या शाईने रेघ ओढली. "चमच्यानं नाई द्यायचं. तुह्या घरचा चमचा येगळा, तुह्या सासूचा येगळा. या रेघेपर्यंत. अन् दोन दिवसात ताप नाई उतरला तं माह्याकडे यायचं नाई, डॉक्टरकडे जायचं." बाई गेल्यावर त्यांनी पंचा झटकला आणि पुन्हा शिंकले.

एका शाळामास्तरांची गोष्ट सांगून हे प्रकरण संपवतो. मास्तरांची दाढ दुखत होती. एका दुकानातून एका नावाची गोळी घेतली, गुण आला नाही म्हणून आमच्याकडे दुसऱ्या नावाची मागायला आले. दौलतजींनी पहिल्या गोळीचे पाकीट मागून घेतले, दोन्ही पाकिटांवरचा बारीक मजकूर मास्तरांसमोर धरला आणि म्हणाले, "वाचा मास्तर. मले बारीक दिसत नाई." त्यांना स्वच्छ दिसत असे. मास्तरांनी वाचले. दोन्हींत औषध एकच होते. "म्हणजे मी दुप्पट घेणार होतो?" मास्तर म्हणाले. दौलतजींनी फुटाण्यांची बरणी पुढे केली, मग आठवले, दाढ दुखत होती; ती मागे घेतली आणि म्हणाले, "दाताच्या डॉक्टरकडे जा. गोळीनं दाढ झोपते, सुधरत नाई."

दौलतजी गोळीचे शत्रू नव्हते. दुखणाऱ्या माणसाला सोसायला सांगणे त्यांना आवडत नसे. माणूस उगाच कण्हत बसला तर ते त्याच्यावर चिडत. "घ्यायची तेव्हा घ्यायची," म्हणत, "पन तिची वेळ पाहून, आपली पाहून नाई." ते मला अनेकदा पटले नाही. आता पटते. माझे गुडघे आता त्यांच्या त्या वेळच्या वयाचे झाले आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला दुसऱ्या शहरात औषधनिर्माणाच्या महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी मिळाली. दुकानात निरोपाचा चहा झाला, पण त्या दिवशी दौलतजी लवकर गेले होते. अक्कांची पाठ जास्त दुखत होती. म्हणून निघण्याआधीच्या रविवारी दुपारी मी अक्कांच्या घरी गेलो. वाटेत एका भट्टीवर फुटाणे घेतले. का घेतले ते सांगता येणार नाही. मोकळ्या हाताने जाऊ नये, असे काहीतरी मनात असावे.

दार उघडे होते. माग चालू होता. दौलतजी खड्ड्यात कंबरेपर्यंत उतरलेले होते. टोपी काढलेली, केस पिकलेले. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवले नाही, कारण हात मोकळा नव्हता. नुसती मान हलवली आणि डोळ्यांनी आतली खोली दाखवली. अक्का चटईवर कुशीला झोपल्या होत्या. त्यांच्या पाठीशी गरम वाळूची पिशवी होती.

मी जवळ जाऊन हळू म्हणालो, "थांबवा जरा. निरोप घ्यायला आलोय."

"थांबवता नाई येत," ते म्हणाले. "दोन दिवसांनी डोळा लागला तिचा. माग थांबला का जागी होते. जन्मभराची सवय हाय."

आडवे सूत नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे गेला. ओढताना त्यांचा चेहरा आक्रसला. उजव्या खांद्याची हालचाल अर्ध्यावरच अडकत होती. खड्ड्याच्या काठावर एका कागदावर एक पांढरी गोळी ठेवलेली होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

"खांदा?"

"दुखून राहिला. सकाळपासून."

"मग गोळी घेतली का नाही?"

"खाल्लं नाई ना अजून." ते किंचित हसले. "खायचं तं थांबावं लागन."

दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मी काही वेळ उभा राहिलो. मग धोतर आवरून खड्ड्याच्या काठावर बसलो. खिशातली पुडी काढली. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी चार फुटाणे घेतले आणि त्यांच्या तोंडात घातले. यापूर्वी मी कोणाला असा घास भरवला नव्हता. माझ्या मुलांनाही नाही. त्यांनी माझ्याकडे न पाहता ते चावले. मी आणखी दिले. मूठभर संपेपर्यंत दिले. माग एकदाही थांबला नाही. मग गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली.

पाणी मात्र चालत्या मागावर पिता येत नाही. त्यांनी तांब्या घेतला. माग थांबला.

आतून आवाज आला. डोळे मिटलेलेच असावेत.

"काहून थांबला गा दौलत?"

"गोळी घेऊन राहिलो, अक्का."

मग पुन्हा आवाज आला.

"जेवला काय?"

दौलतजींनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात रिकामा कागद होता.

"जेवलो," ते म्हणाले.

माग पुन्हा सुरू झाला. मी उठलो. दार ओढून घेताना सवयीने घड्याळ पाहिले. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.